स्वतःची गाणी करायची आहेत : अरेंजर घ्यावा की वर्कस्टेशन?

मांजराकाठ
राम राम मंडळी. केज तालुक्यात शाळेवर आहे. संध्याकाळी भजनी मंडळात पेटी वाजवतो, लग्नसराईत कुणी बोलावलं तर कीबोर्ड. (आमच्या गावात त्याला अजून कॅसिओच म्हणतात, कंपनी कोणतीही असो.) सध्या यामाहाचा पीएसआर आय ५०० आहे. साथीला त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

अडचण वेगळीच आहे. गेल्या दिवाळीत आईच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. चाळीसेक निघाल्या. त्यातल्या एकीची चाल डोक्यातून जाईना, म्हणून तिच्यावर स्वतःचं गाणं करायचं ठरवलं. कीबोर्डवर बसलो, डाव्या हातानं कॉर्ड (एकदम दाबलेले तीन-चार सूर) धरली, स्टाईल (कीबोर्डात भरलेली तयार साथ) चालू केली आणि पाच मिनिटांत गाणं तयार. फक्त त्यात ओवी काही उरली नव्हती, वरात निघाली होती. दहा स्टाईली बदलून पाहिल्या. दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नात जेवून आल्यासारखं वाटलं.

महागाई भत्त्याचा फरक मिळालाय. ९० हजारांपर्यंत हात जाईल. एक जण म्हणतो मोठा अरेंजर घे, दुसरा म्हणतो वर्कस्टेशन घे. दोघंही वाजवणारे आहेत, चाली करणारे नाहीत. ज्यांनी स्वतःची गाणी केलीत त्यांनी सांगावं. फक्त किंमत बघून सल्ला नको.

फुकटचा_सल्ला
लॅपटॉप घ्या. धागा संपला.

काळी_चार
माझा बाळबोध प्रश्न. दुकानात दोन्ही सारखेच दिसतात. ६१ पट्ट्या, मधे स्क्रीन, शंभर बटणं. फरक नेमका काय? कुणी तरी मराठीत सांगा. यूट्यूबवरचे सगळे वाजवूनच दाखवतात, सांगत कुणीच नाही.

कातरवेळ
@काळी_चार, प्रयत्न करतो. मूळचा परभणीचा, आता पुण्यात लहानसा स्टुडिओ आहे.

अरेंजरमध्ये तुमच्या डाव्या हाताखाली वादकांची पंगत बसवलेली असते. यामाहाच्या स्टाईलमध्ये आठ पानं वाढलेली असतात: दोन तालाची, एक बासचं, दोन कॉर्डची, एक पॅडचं (लांब धरलेल्या सुरांचं) आणि दोन सुरावटीच्या तुकड्यांची. शिवाय त्या स्टाईलचा इंट्रो, मेनचे (मुख्य तुकड्याचे) चार प्रकार, मधले फिल (दोन तुकडे जोडणारे छोटे ठेके), शेवटचं एंडिंग. तुम्ही डाव्या हातानं कॉर्ड बदलली की आठही जण एकदम त्या कॉर्डवर सरकतात. हे होतं कसं? मूळ तुकडा एकाच कॉर्डमध्ये वाजवून ठेवलेला असतो. यामाहाच्या स्टाईल क्रिएटरमध्ये ती साधारणपणे सी मेजर सेव्हन्थ असते. तुम्ही कॉर्ड धरली की यंत्र तोच तुकडा हिशेबानं तिथं नेऊन बसवतं.

वर्कस्टेशनची पंगत रिकामी असते. आवाज घडवायचं सिंथ, इफेक्ट, ड्रम आणि सिक्वेन्सर (वाजवलेलं ट्रॅकवार नोंदवून परत वाजवणारी सोय) एका पेटीत. १९८८ साली कॉर्गचा एम १ आला. त्यात ४ एमबीचे आवाज आणि आठ ट्रॅकचा सिक्वेन्सर होता, आणि वर्कस्टेशन म्हटलं की काय समजायचं ते तिथून ठरलं. आज बहुतेकांत १६ ट्रॅक मिळतात. एकेक वाद्य स्वतः वाजवायचं, एकावर एक थर चढवायचे. कॉर्ड धरली म्हणून कुणी आपोआप उठून वाजवायला लागत नाही.

ओवीवर काम करायचं असेल तर माझं मत वर्कस्टेशन. स्टाईल म्हणजे दुसऱ्या कुणी तरी आधीच केलेलं संगीत संयोजन आहे, तुम्ही फक्त त्याची पट्टी बदलता.

ऑर्केस्ट्रा_नांदेड
कातरवेळ दादा, बाकी सगळं खरं, पण शेवटचं वाक्य मला पटलं नाही. अठरा वर्षं झाली स्टेजवर हाय मी. "पट्टी बदलता" काय? समोर दोन हजार माणूस बसलेलं, गायक ऐनवेळी म्हणतो दोन स्वर खाली घे, ढोलकीवाला अजून जेवायलाय. तवा डाव्या हाताचा अरेंजरच इज्जत राखतो. वर्कस्टेशनवाला तवर मेनूच उघडायला असतो.

आणि एक सांगा. स्टाईल बंद करायला बटण असतं का नाही? असतं. नुसता उजवा हात वाजवा की. मोठ्या अरेंजरमध्ये १६ ट्रॅकचा सिक्वेन्सर बी असतो, स्टाईल स्वतः बनवायची सोय असती. लोक वापरत नाहीत त्याला पेटी काय करंल. मांजराकाठ सर, तुमच्या आय ५०० मध्ये स्टाईल बनवता येत नाही म्हणून तुम्हाला ती वरात दिसायली.

बेंजोपार्टी
वरातीवरून आठवलं. जालन्याकडची गोष्ट, १४ एप्रिलची. दोन मंडळं, दोन गाड्या, एकच चौक. दोघांनी त्या वर्षी स्वतःची नवी गाणी केली होती. स्वतःची म्हणजे शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, छातीवर हात ठेवून. पहिली गाडी चौकात आली, इंट्रो वाजला. दुसरी गाडी समोरून आली, तिचा इंट्रो वाजला. तोच! एक सूर इकडचा तिकडं नाही. फिल बी तोच. दोघांकडं एकाच मॉडेलचा कीबोर्ड आणि दोघांनी हौसेनं एकच स्टाईल निवडलेली. पाच मिनिटं दोन्ही मंडळं एकमेकांकडं "आमचं चोरलं" म्हणून बघायली. शेवटी आमच्या ताशावाल्यानं मधे घुसून वाजवायला सुरुवात केली तवा मिटलं.

तवापासून आमच्या पार्टीत नियम हाय. इंट्रो माणसानं वाजवायचा.

काळी_चार
:हहपुवा: (हसून हसून पुरती वाट)

संबळ_आणि_तुणतुणं
बेंजोपार्टी, अगदी. आमच्याकडं गोंधळी घराणं आहे, तुळजापूरच्या वाटेवरचं गाव. आजोबा संबळ वाजवत, मी ऑक्टोपॅड (काडीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड) वाजवतो. (आजोबांना हे सांगितलं नव्हतं.) कीबोर्डमध्ये "संबळ" नावाचा आवाज शोधू नका, मिळाला तरी तो दुसऱ्याच ढोलाचा असतो. वाकडी काडी कातड्यावर घासून जो आवाज निघतो तो कुठल्याही फॅक्टरी टोनमध्ये मी ऐकलेला नाही. मी शेवटी घरच्या संबळाचे नऊ ठोके रेकॉर्ड करून पॅडवर टाकले.

आणि गोंधळ एका लयीत चालत नाही हो. सुरुवातीला बसून ऐकावं अशी लय असते, उदो उदोला येईपर्यंत ती दुप्पट झालेली असते. स्टाईल सोडली की ती जिथं सोडली तिथंच चालत राहते, गोल गोल. टेंपोच्या बटणावर सतत बोट ठेवून बसावं लागतं.

तोडीतला_ग
ताल झाला, आता सुरांकडं या. अंबाजोगाईला पेटी शिकवते, म्हणून माझं दुखणं वेगळं आहे.

मांजराकाठ सर, तुमची ओवी भैरवच्या अंगानं जात असेल तर काय होतं बघा. सा ग प धरलं, मेजर कॉर्ड, बरोबर आहे. पण स्टाईलमधला बासवाला सा वरून ग कडं जाताना मधे शुद्ध रे ला पाय टेकवून जातो. त्याला काय माहीत तुमच्या वरच्या सुरावटीत कोमल रे आहे. गाणाऱ्याच्या तोंडात कोमल, बासमध्ये शुद्ध. गुजरी तोडी असेल तर विचारूच नका. तिथं पंचम वर्ज्य, आणि तुम्ही मायनर कॉर्ड धरली की आठ जण मिळून पंचमच ठणकावतात.

दोन युक्त्या सांगते, नवीन काही न घेता करून बघा. डाव्या हातानं पूर्ण कॉर्ड धरू नका, फक्त सा आणि प. फिंगर्डमध्ये (कॉर्डचे सूर स्वतः दाबायच्या मोडमध्ये) यामाहाचे बरेच कीबोर्ड ही जोडी वेगळी ओळखतात आणि गंधार वाजवत नाहीत. दुसरी, शेजारशेजारच्या तीन पट्ट्या, म्हणजे सा, कोमल रे, शुद्ध रे, एकदम दाबा. ते कॉर्ड रद्द करायची खूण समजतात. बास, कॉर्ड, तुकडे सगळे गप्प, फक्त ताल चालू राहतो.

तिसरी गोष्ट ज्यांच्याकडं स्केल ट्यून (एकेक सूर वेगळा चढवायची-उतरवायची सोय) आहे त्यांच्यासाठी. कीबोर्डाचा शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर (शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंट) असतो, तंबोऱ्यातून ऐकू येणारा ३८६ वर. तेवढा १४ नं उतरवा आणि मग तानपुऱ्यासोबत धरून बघा.

मांजराकाठ
ताई, तीन पट्ट्यांची युक्ती आत्ताच करून पाहिली. पाच वर्षं हा कीबोर्ड माझ्या घरात आहे आणि मला हे माहीत नव्हतं! नुसता ताल राहिला आणि घर एकदम मोकळं झाल्यासारखं वाटलं.

ओवी भैरवात नाही. तीन-चार सुरांतच फिरते. आणि आईचा सा कुठल्याच पट्टीवर बसत नाही. पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधे कुठं तरी आहे.

तोडीतला_ग
मग कीबोर्ड आईकडं न्या, आईला कीबोर्डकडं आणू नका. मास्टर ट्यूनिंग ४४० वरून ४५० केलंत की सगळा कीबोर्ड साधारण ३९ सेंट वर सरकतो. म्हणजे पांढऱ्या चारच्या जरा पुढं. दोन्ही प्रकारच्या कीबोर्डात ही सोय असते. यासाठी ९० हजार लागत नाहीत.

जुना_रेडिओ
पेटीच्या गंधारावरून इतकं चाललंय तर सांगतो. याच कारणापायी आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमला बाहेर काढलं होतं. १९७१ पर्यंत बंदी. मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज, ही तक्रार. आज तीच तक्रार आपण अरेंजरबद्दल करतोय, आणि पेटीवाल्या ताईच करतायत. मजा वाटली.

तोडीतला_ग
काका, मी पेटीबद्दलही करते. फी घेऊन करते.

फुकटचा_सल्ला
कुणी माझ्या लॅपटॉपकडं लक्षच देत नाहीये.

कातरवेळ
देतो. लॅपटॉपचा सल्ला चुकीचा नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून बघता येतं, कुठलाही यूएसबीवाला कीबोर्ड त्याला जोडता येतो. पण दोन गोष्टी. साध्या लॅपटॉपच्या साउंडकार्डवर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो. चांगला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला बाहेरून जोडायचं साउंडकार्ड) आणि २५६ चा बफर (एका वेळी साठवायचा आवाजाचा तुकडा) ठेवला तर एका बफरची वाट ६ मिलिसेकंदांच्या आत येते, तेवढं चालतं, पण तो इंटरफेस वेगळा घ्यावा लागतो. आणि दुसरी गोष्ट, शाळेतून थकून आलेल्या माणसानं पुन्हा स्क्रीन उघडली की व्हॉट्सॲपही उघडतं. हे अनुभवाचे बोल.

@ऑर्केस्ट्रा_नांदेड, तुमचा मुद्दा मान्य. बटण असतं. मी "पट्टी बदलता" म्हणालो ते तोडून बोलल्यासारखं झालं. पण मला सांगा, अठरा वर्षांत तुम्ही स्वतः किती स्टाईली बनवल्या?

ऑर्केस्ट्रा_नांदेड
दोन.

आणि त्यातली एक डिलीट झाली.

गोदातीर_पैठण
हा हा हा. वाचतोय. एक व्यवहाराची गोष्ट कुणीच बोलत नाहीये : लाईट. आमच्याकडं सप्ताहात कीर्तन रंगात आलं की लाईट जाणार हे ठरलेलं. कॉर्गचा क्रॉस सहा पेन्सिल सेलवर चालतो, रोलंडचा जुनो डीएस आठ सेलवर. क्रॉसमध्ये १६ ट्रॅकचा सिक्वेन्सर पण आहे. मोठे अरेंजर आणि मोठी वर्कस्टेशनं, दोन्ही लाईट गेली की फळकूट. सिक्वेन्सरवर तासभर केलेलं काम सेव्ह केलं नसेल तर तेही गेलं. मी एकदा असं अख्खं हरिपाठाचं संयोजन घालवलंय. दुसऱ्या दिवशी तसं पुन्हा जमलं नाही, म्हणून इन्व्हर्टर घेतला. जमलं तरी नाहीच.

काळी_चार
कुणी वर्कस्टेशनची पण वाईट बाजू सांगा ना. सगळे अरेंजरलाच झोडतायत.

रात्रपाळी
मी सांगतो. छ. संभाजीनगर, वाळूजला कंपनीत. वर्कस्टेशन घेऊन चार वर्षं झाली. पूर्ण झालेली गाणी : तीन. अर्धवट : एकशे चाळीस. हा विनोद नाही, मोजलीत.

रात्री बारा ते तीन बसायचो. पहिला तास स्ट्रिंगचा आवाज शोधण्यात. मग त्याचा फिल्टर थोडा बंद कर, अटॅक थोडा हळू कर, रिव्हर्ब बदल. तो आवाज इतका सुंदर व्हायचा की एक सूर धरून ऐकतच बसायचो. तीन वाजता लक्षात यायचं की चाल सुचलेली विसरून गेलो. आवाज सेव्ह करायचो, झोपायचो. आता माझ्याकडं स्वतः बनवलेले दोनशे आवाज आहेत आणि गायला काही नाही.

अरेंजरवर निदान मुखडा-अंतरा-मुखडा असा एक आकार उभा राहतो. मेन ए, फिल, मेन बी, एंडिंग. कच्चा का होईना. मी आता उलटं करतो. मित्राच्या अरेंजरवर जाऊन गाण्याचा सांगाडा बसवून येतो, मोबाइलवर घेतो आणि मग वर्कस्टेशनवर सगळं पुसून नव्यानं वाजवतो. तीन गाणी झाली ती अशीच.

संबळ_आणि_तुणतुणं
रात्रपाळी भाऊ, हे फार खरं लिहिलंत. पण ओवीला मुखडा-अंतरा नसतो ना. तिथं तुमचा सांगाडाच अडचण होईल.

कातरवेळ
हाच मुद्दा आहे. मांजराकाठ सर, एक विचारू? ती ओवी आई कोणत्या तालात म्हणतात? टाळी देऊन बघितलीत का?

मांजराकाठ
(दोन दिवसांनी) दादा, तुम्ही प्रश्न विचारला आणि मी रेकॉर्डिंग लावून टाळी द्यायला बसलो. जमेना. पहिल्या ओळीला दादऱ्यासारखं वाटतं, पण ओळीच्या शेवटी ती कुठं तरी थांबते. दर वेळी सारखी थांबत नाही. कधी एवढीशी, कधी जास्त. मला वाटलं आईला दम लागतोय, वय झालं.

काल आईलाच विचारलं, इथं का थांबतेस? ती माझ्याकडं मास्तर असून एवढं कळत नाही अशा नजरेनं बघायला लागली. म्हणाली, "आरं, तितं दाणे वैरायचे असत्यात. एक हात खुंट्यावर, एक हात सुपात. मूठ भरून टाकंस्तवर ओळ कशी म्हनावी?"

मोठी मूठ घेतली की जास्त थांबायचं. एवढंच होतं ते.

तोडीतला_ग
आहाहा. सर, आता कीबोर्ड कुठलाही घ्या, ही जागा सोडू नका.

बेंजोपार्टी
अंगावर काटा आला राव. माझी आजी बी म्हणायची. आम्ही पोरं मुद्दाम जात्याच्या तोंडात जास्त दाणे कोंबायचो मग जातं अडायचं आणि आजी ओवी सोडून शिव्या द्यायची. त्या बी चालीतच.

जुना_रेडिओ
गंगाखेडच्या जनाबाई विठ्ठलाला दळायला बसवतात ते उगीच नाही. दोन हात कमी पडत असणार.

ऑर्केस्ट्रा_नांदेड
सर, मी आता माझा शब्द मागं घेतो. पूर्ण नाही, थोडा. असली थांबण्याची जागा स्टाईलला जमत नाही. तिला थांब म्हटलं तर ती पूर्ण थांबती, नाहीतर चालत राहती. मूठ भरेस्तवर थांब असं तिला सांगता येत नाही. स्टेजवर मी फिल टाकून वेळ मारून नेतो, पण इथं फिल टाकला तर ओवी मेली.

कातरवेळ
बरोबर. म्हणून सर, यंत्र कुठलंही असो, पहिलं काम : मेट्रोनोम बंद. आईचा आवाज हाच क्लिक. तो आधी ठेवायचा आणि त्याला ऐकत सूर वाजवायचे. सिक्वेन्सरमध्ये क्वांटाइझ नावाची सोय असते, ती तुमचे मागं-पुढं झालेले सूर ओढून सरळ रेषेत बसवते. ती इथं अजिबात वापरायची नाही.

आणखी एक. सॅम्पलिंगची (बाहेरचा आवाज रेकॉर्ड करून कीबोर्डावर वाजवायची) सोय असलेलं यंत्र बघा. जात्याचाच आवाज घ्या. ताल द्यायला दुसरं वाद्य कशाला पाहिजे?

फुकटचा_सल्ला
गंभीरपणे सांगतो आता. सॅम्पलिंग म्हटलं तर रोलंडचा एफए ०६ बघा. २०१४ चं मॉडेल आहे, जुना मिळेल. १६ ट्रॅकचा सिक्वेन्सर, १६ पॅडचा सॅम्पलर, मागं माइक लावायची जागा, आणि यूएसबीनं लॅपटॉपला लावलं तर तोच ऑडिओ इंटरफेस. (बघा, शेवटी लॅपटॉप आणलाच.)

ऑर्केस्ट्रा_नांदेड
आता कबूल करायची वेळ आली.

माझ्याकडं एफए ०६ हाय. पाच वर्षं कपाटावर पडून हाय. हौसेनं घेतला, पियानोचा एक टोन वाजवला, बाकी मेनू बघून ठेवून दिला. बायको त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवती. सर, तुम्हाला पाहिजे असंल तर नांदेडला या. वाजवून बघा, पटला तर न्या. पैशाचं व्यनित (खाजगी निरोपात) बोलू.

रात्रपाळी
म्हणजे धाग्यात अरेंजरची बाजू लावून धरणाऱ्याच्या कपाटावर वर्कस्टेशन!

ऑर्केस्ट्रा_नांदेड
दादा, म्हणूनच तर इतक्या पोटतिडकीनं लावून धरली.

मांजराकाठ
(दोन महिन्यांनी) धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं म्हणून.

नांदेडला जाऊन आलो. भाऊंनी आधी जेवायला घातलं, मग कपडे उचलून कीबोर्ड दाखवला. त्याआधी संभाजीनगरला दुकानात मोठा अरेंजरही वाजवून पाहिला होता. खोटं कशाला बोलू, त्याचे आवाज ऐकून मन डळमळलं होतं. बासरी तर अशी की हातातून सुटेना. पण सवयीनं डावा हात खाली गेला, स्टाईल सुरू झाली, आणि दुकानातला पोरगा लगेच मान डोलवायला लागला. तिथंच उठलो.

एफए ०६ घरी आला. मग जात्याच्या मागं लागलो. माळवदावर पडलं होतं. खुंटा नव्हता, बाभळीचा तासून बसवला. पाळू इतकी गुळगुळीत झालेली की दाणा नुसता घसरून बाहेर. गावात टाकी लावणारं (छिन्नीनं दगडाला खाचा पाडणारं) कुणी उरलं नाही. शेवटी बाजारात पाटे-वरवंटे विकायला बसणाऱ्या एका बाईंनी येऊन लावून दिली. दिवसा रेकॉर्डिंग जमेना, समोर पिठाची गिरणी. रात्री साडेअकराला लाईट गेली, गाव गप्प झालं, तेव्हा मोबाइलवर घेतलं. आईनं दळलं, मी सुपातून ज्वारी पुढं करत होतो.

एक फेरा पॅडवर टाकला. पॅड दाबलं की घर्र. पण बोटानं तालात दाबायला लागलो की ते यंत्रच वाटायचं. चार दिवस तेच. मग पॅड सोडलं आणि अख्खं चार मिनिटांचं दळण न कापता तसंच ठेवलं. त्याच्यावर आईची ओवी. त्याच्याखाली मी फक्त सा आणि प धरलेत, ट्यूनिंग ४५० (ताई, धन्यवाद). मूठ वैरायच्या जागी हात उचलतो, तिथं फक्त जातं. सिक्वेन्सरचे १६ ट्रॅक आहेत. वापरले दोन.

कातरवेळ
दोनच! बाकीच्या चौदांना हात लावू नका. लिंक टाका.

रात्रपाळी
मी आजपासून आवाज बनवणं बंद. (हे मी मागच्या महिन्यातही म्हणालो होतो.)

काळी_चार
मग मी काय घेऊ? अरेंजर की वर्कस्टेशन? :(

तोडीतला_ग
तू आधी काळी चारमध्ये गा.

मांजराकाठ
लिंक रविवारी टाकतो. आईनं ऐकलं, हेडफोन लावून. तिला वाटलं मी तिचा आवाज उगीच म्हाताऱ्या बाईसारखा केलाय. ते यंत्रात नीट करता येतं का असं विचारत होती.

बेंजोपार्टी
सर, एवढ्या रेकॉर्डिंगचं पीठ कुठं गेलं?

मांजराकाठ
चार दिवस भाकरी खाल्ल्या. जरा कचकच लागत होती. टाकी नवीन होती ना.